यांची आखूड बंदूक

हे कुणाच्या हाती पडलं तर आधीच सांगते, माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधी जमलेच नाहीत. चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर किराण्याची यादी लिहिण्यापुरतीच पेन्सिल हातात आली. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते, म्हणून बोलायचं राहून गेलेलं इथे लिहिते आहे. चुकलं असेल तिथे सांभाळून घ्यावं.

मला लिहायचं आहे ते एका बंदुकीबद्दल. बाईमाणसाने बंदुकीबद्दल काय लिहायचं, असं कुणालाही वाटेल. पण ठाण्यात आमचा संसार टिकला तो तिच्यामुळे, आणि तिने कधी कुणाचा जीव घेतला नाही.

आमचं लग्न झालं तेव्हा हे पलटणीत होते. मोठ्या लढाईत ब्रह्मदेशाकडे गेले आणि तिथे लॉरी उलटून यांच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण नीट जुळलं नाही. सदरा काढला की गळ्याखाली एक उंचवटा दिसायचा. लढाई संपली, पलटणीतून सुटका झाली, आणि गावी साताऱ्याकडे पाचसहा महिने काढून हे ठाण्याला आले. तेव्हा पलटणीतून सुटून आलेल्या जवानांना पोलिसात घेत होते. यांना हत्यारी शिपायांमध्ये घेतलं. मी आणि सासूबाई मागाहून आलो. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची.

पहिलं वर्ष कोपरीला एका चाळीत काढलं. मागच्या दाराने मिठागरं दिसायची, पांढरे ढीग उन्हात नुसते चकाकायचे. डोळ्यांना त्रास व्हायचा, पण मीठ स्वस्त मिळायचं, आणि त्या मिठाचा मला फार उपयोग झाला. संध्याकाळी हे ड्यूटीवरून आले की तव्यावर मीठ गरम करून पुरचुंडी बांधायची आणि यांचा खांदा शेकायचा. आत्याबाई विचारायच्या, "का गं, रोज रोज शेकायला काय झालंय त्याला?" मी म्हणायची, "परेड असते ना." तेवढंच. खरं कारण बंदूक होतं.

शिपायांना तेव्हा लांब रायफल असायची. उभी केली तर माझ्या छातीपर्यंत यायची. परेडला ती खांद्यावर टाकायची, उतरवायची, सलामी द्यायची, पुन्हा टाकायची. धडधाकट माणसाला त्याचं काही वाटत नाही. यांच्या त्या उंचवट्यावर मात्र नेमकी ती घासायची. आणि गोळी झाडली की रायफल मागे लाथ मारते, असं हे म्हणायचे. वर्षातून एकदा चांदमारी असायची, म्हणजे माळावर निशाण लावून सगळ्यांकडून गोळ्या झाडून घ्यायचे. पहिल्या वर्षी हे कसेबसे पार पडले, पण घरी आले तेव्हा हात वर उचलून केस विंचरता येईना. नोकरी अजून कायम झाली नव्हती. कायम करायच्या आधी पुन्हा चांदमारी होणार होती, आणि तिथे जो नापास तो हत्यारी कामाला नालायक, त्याला घरी पाठवायचे. गावी दिराची चार पोरं आणि जमिनीचा एवढासा तुकडा होता. तिथे आम्ही तिघं परत जाऊन काय खाणार होतो?

त्या काळात लढाईतून उरलेल्या थोड्या आखूड बंदुका हेडक्वार्टरला आल्या. कार्बाइन म्हणायचे त्यांना. हे घरी आले ते बाजारातून काही नवीन आणल्यासारखे खुशीत. चहाही न घेता सांगायला लागले.

"अगं, काय सांगू तुला! हातात घेतली की वाटतं, लहान पोर उचललं. लाकूड गुळगुळीत. खांद्याला लावली तर जाणवत पण नाही."

"लाथ मारत नाही?" मी विचारलं.

"कोपराने ढोसल्यासारखं करते, बास. बायकोइतकं पण नाही." आणि हसले. आत्याबाई तिथेच तांदूळ निवडत होत्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या बंदुका सगळ्यांनाच हव्या होत्या. तरण्या शिपायांना ती दिसायला आवडायची. गळ्यात पट्टा घालून, हात तिच्यावर ठेवून फोटो काढायला दोघंतिघं टेंभी नाक्यावरच्या फोटोवाल्याकडे जायचं म्हणत होते, जमादारांनी त्यांना चांगलंच झापलं. जमादार म्हणजे कोताचे मुख्य. कोत म्हणजे हत्यारं ठेवायची खोली. ते कोकणातले, बोलायला फटकळ, पण मनात काही ठेवायचे नाहीत. यांच्या खांद्याचं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी साहेबांना सांगून यांना खजिन्याच्या लॉरीवर लावलं आणि एक कार्बाइन यांच्या नावावर दिली. चांदमारीही त्याच बंदुकीवर होणार, असं ठरलं.

जमादार या बंदुकीचं फार कौतुक करायचे नाहीत. म्हणायचे, "लांब माळावर दरोडेखोर पळत असेल तर ह्या खेळण्याचा काही उपयोग नाही. तिथे ती लांबच हवी. पण लॉरीत, दारात, पेटीच्या बाजूला, जिन्यावर, जिथे माणूस हातभर अंतरावर येतो तिथे हीच बरी." हे घरी येऊन मला ते जसंच्या तसं सांगायचे. मला कळायचं. मुसळ मोठं असतं म्हणून त्याने पोळी लाटता येत नाही.

तोवर आम्हाला पोलीस लायनीत खोली मिळाली होती. मिठाची पुरचुंडी बांधायचं मी हळूहळू विसरले. हे रात्रीचे कुशीवर झोपायला लागले. ठाण्याहून कल्याणला खजिन्याच्या पेट्या घेऊन लॉरी जायची, मुंब्र्याच्या डोंगराखालून, शिळवरून, मानपाड्याच्या भातखाचरांमधून. रस्ता वाईट. पण यांना त्या फेऱ्या आवडायच्या. कल्याणच्या बाजारातून येताना कधी माठ, कधी सुपारी घेऊन यायचे.

मग दसरा आला.

दसऱ्याला हेडक्वार्टरमध्ये शस्त्रपूजा असायची. सगळ्या बंदुका कोताबाहेर जाजमावर मांडायच्या, झेंडूच्या माळा घालायच्या, आणि लायनीतल्या बायकांनी जाऊन हळदकुंकू वाहायचं. आदल्या दिवशी जमादारांनी प्रत्येकाला आपापलं किरकोळ सामान साफ करायला घरी नेऊ दिलं. बंदूक नाही, ती कोतातच. पट्टा, पिशवी आणि रिकामं मॅगझिन. मॅगझिन म्हणजे गोळ्या भरून बंदुकीला खालून लावायची ती पत्र्याची चपटी डबी. यांनी पट्टा स्वतः तेल लावून चोळला. मॅगझिन फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं आणि म्हणाले, "हे उद्या सकाळी बघतो," आणि पहाऱ्यावर गेले.

आत्याबाईंचा दसरा म्हणजे घासण्याचा दसरा. घरातला तांब्या, समई, परात, पळी, सगळं चिंच आणि राखेने घासून लख्ख झालं पाहिजे, नाहीतर त्यांना सण लागायचा नाही. मी नळावर गेले होते. लायनीत एकच नळ आणि सणाची गर्दी, दोन हंडे मिळायला बराच वेळ लागला. परत आले तर ओट्यावर सगळी भांडी उन्हाला लावलेली, आणि त्यांच्या मधोमध ते मॅगझिन. काळं होतं ते पांढरंफेक झालेलं, समईच्या शेजारी चांदीच्या डबीसारखं चमकत होतं.

"बघ," आत्याबाई म्हणाल्या. हात कोपरापर्यंत राखेने भरलेले. "काय काजळी चढवली हुती त्यावर! सरकारचं सामान असं ठिवत्यात का? अन् त्वांड चेपलं हुतं दोन्ही अंगानं. वरवंट्यानं ठोकून सरळ केलं. आता कशी झाक दिसतीया डबी."

खरं सांगायचं तर मलाही ती झाकच दिसली. मी ती पुसून देवाजवळ ठेवली आणि कुंकवाचं बोट लावलं.

सकाळी हे आले, आंघोळ करून देवापुढे हात जोडले, आणि हात जोडलेलेच राहिले.

"हे कुणी केलं?"

"म्या," आत्याबाई म्हणाल्या. "तुझ्यानं झालं नसतं."

हे तसेच मागे वळले. ओट्यावर जाऊन बसले. मी बाहेर गेले तर मला हळूच सांगितलं, की तो काळा रंग काजळी नव्हती, गंज लागू नये म्हणून कारखान्यात दिलेला तो थर होता. आणि तोंडाच्या कडा चेपलेल्या नव्हत्या. त्या मुद्दाम आत वळवलेल्या असतात, गोळी बाहेर पडू नये म्हणून. त्या सरळ झाल्या म्हणजे गोळी राहणारच नाही. "आईला सांगू नकोस," म्हणाले. "सणाचा दिवस आहे."

पण ते सांगायची वेळ आमच्यावर आलीच नाही. शस्त्रपूजेला सगळी लायन जमली होती. यांनी मॅगझिन जमादारांच्या हातात दिलं. जमादारांनी ते उलटंपालटं केलं, खिशातून एक रिकामी नकली गोळी काढली, सरावासाठी असते ती, आणि आत दाबली. बोट काढल्याबरोबर गोळी टुणकन उडाली आणि झेंडूच्या माळांतून घरंगळत पुढे गेली. नेमके तेव्हाच साहेब आले. गोळी त्यांच्या बुटापाशी थांबली.

साहेब मोठे शिकलेले, तरुण, कडक. त्यांनी गोळी उचलली, मॅगझिन पाहिलं.

"हे काय आहे? अत्तरदाणी?"

कुणी हसलं नाही. हे ताठ उभे. मी बायकांच्या मागे खांबाआड होते. आणि आत्याबाई हातात पूजेचं तबक घेऊन सरळ पुढे गेल्या.

"म्या घासलं, सायब. काळं मिट्ट झालं हुतं."

"आजी," साहेब म्हणाले, "ते काळंच असतं."

"तुमच्याकडं असंल. माझ्या घरात सणाला काळं भांडं राहात न्हाई."

आता मात्र जमादारांनी तोंडावर रुमाल धरला. तरणे शिपाई पायाच्या अंगठ्यांकडे बघायला लागले. साहेबांच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला, पण त्यांनी आवाज चढवला. सरकारी सामान खराब केलं, त्याची पूर्ण किंमत पगारातून कापायची. आणि ज्याला एक डबी सांभाळता येत नाही त्याच्याकडे कार्बाइन ठेवायची नाही. आजपासून याला लांब रायफल. चांदमारीही तिच्यावरच.

जमादार म्हणाले, "साहेब, ह्याचा खांदा..."

"खांदा नसेल तर हत्यारी नोकरी कशाला?" साहेब म्हणाले.

आम्ही घरी आलो. आत्याबाईंना आता सगळं कळलं होतं. सोनं वाटायला लायनीतल्या बायका आल्या, तेव्हा त्या आत भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी आपट्याची पानं घेतली आणि दिली. संध्याकाळी त्यांनी स्वतः तवा चुलीवर चढवला, मीठ टाकलं, आणि मला म्हणाल्या, "सर. आज म्या शेकते त्याला." मी त्यांना कधी दोष दिला नाही. त्यांनी आपल्या परीने मुलाच्या हत्याराची पूजाच केली होती.

चांदमारी दिवाळीनंतर होती. मधल्या दिवसांत मी यांच्या सदऱ्याला आतून खांद्यावर जुन्या गोधडीचा तुकडा शिवून दिला. बाहेरून दिसू नये म्हणून टाके बारीक घातले. दोन दिवसांनी हे म्हणाले, थोडा फरक पडतो. पण अंगात सदरा घालताना उजवा हात आधी घालायचे, श्वास धरून, आणि डावा नंतर. पगारातले पैसे कापून जायला लागले होते ते वेगळंच. त्या दिवाळीला मी करंज्या केल्या नाहीत, नुसत्या शंकरपाळ्या केल्या, त्याही गुळाच्या. पैशाचं मला फार वाटलं नाही. पण चांदमारीचा दिवस डोक्यातून जाईना. स्वयंपाक करताना मी मनातल्या मनात गावच्या घरातल्या जागा मोजायची. आम्ही कुठे निजणार, कोणत्या कोपऱ्यात चूल मांडणार.

दिवाळीनंतर, चांदमारीच्या आधी, खजिन्याची लॉरी कल्याणला निघाली. साहेबांना कल्याणच्या कचेरीत काम होतं आणि त्यांची जीप ऐन वेळी बंद पडली. म्हणाले, लॉरीतूनच येतो. पुढे हे सगळं मी यांच्याकडून आणि लॉरीच्या ड्रायव्हरकडून ऐकलं. ड्रायव्हर तर लायनीत घराघरात जाऊन सांगायचा.

लॉरीचा नियम असा, की बंदूकवाल्या शिपायाने दाराच्या बाजूला बसायचं, कारण उतरायचं झालं तर त्याने आधी उतरायचं. त्यामुळे साहेब मध्ये, ड्रायव्हर आणि यांच्या बेचक्यात. यांनी लांब रायफल दोन गुडघ्यांत उभी धरली तर नळी टपाला लागे. म्हणून ती तिरकी करावी लागली, आणि तिरकी केली की तिचं टोक साहेबांच्या डोक्याकडे जाई. कळव्याचा पूल होईपर्यंत ठीक होतं. मुंब्र्याच्या पुढे खड्डे लागले. लॉरी उडाली की रायफलीचं टोक साहेबांच्या टोपीला टक् करून लागायचं.

पहिल्यांदा साहेबांनी टोपी नीट केली. दुसऱ्यांदा म्हणाले, "सांभाळ."

"हो, साहेब."

तिसऱ्यांदा टोपी ड्रायव्हरच्या मांडीवर जाऊन पडली. ड्रायव्हर सांगायचा, "मी तशीच मांडीवर ठेवली. म्हटलं, परत दिली तर पुन्हा उडणार."

शिळच्या पुढे साहेबांनी स्वतःच रायफलीची नळी हातात धरून ठेवली. मानपाड्याजवळ रस्त्यात म्हशी आडव्या आल्या, ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. साहेबांचं कोपर रायफलीच्या लाकडावर आपटलं.

"काय रे," साहेब ओरडले, "ही तोफ कुणी दिली तुला या लॉरीत?"

यांच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, आपणच."

हे मला सांगताना यांना पुन्हा घाम फुटला होता. ड्रायव्हर म्हणायचा, मी आपला म्हशींवर भोंगा वाजवत बसलो.

कल्याणला खजिन्याच्या दारात लॉरी थांबली. यांनी उतरायचं, मागे वळून पहारा धरायचा, मग पेट्या उतरायच्या. हे उतरायला गेले आणि रायफलीचा पट्टा दाराच्या मुठीत अडकला. रायफल दारात आडवी. हे अर्धे बाहेर, अर्धे आत. पट्टा सोडवायला उजवा हात वर न्यायला हवा होता, आणि तोच हात वर जाईना. साहेब मागे अडकलेले, ना पुढे जाता येतं ना बाजूला. एंजिनाची धग पायाला लागत होती. रस्त्यावर माणसं जमली. एक भाजीवाली ओरडली, "अवो, सायबाला भायेर काढा की!" शेवटी साहेबांनीच मागून हात घालून पट्टा सोडवला.

उतरल्यावर साहेबांनी यांच्या खांद्याकडे बघितलं. मग विचारलं, "खरंच वर जात नाही हात?"

"जातो, साहेब. वेळ लागतो."

"आता दरोडा पडला असता तर?"

हे खरं तेच बोलले. "माझ्याआधी पेटी गेली असती, साहेब. कार्बाइन असती तर मी उडी मारून खाली आलो असतो."

परतीच्या वाटेवर साहेब टोपी हातात धरूनच बसले. ठाण्याला पोचल्यावर कोतात गेले आणि जमादारांना म्हणाले, "लॉरीवरच्या शिपायाला आखूड हत्यार द्या. कायम. आणि चांदमारी ज्या हत्याराने ड्यूटी करतो त्यानेच घ्या. यालाच नाही, सगळ्यांनाच."

जमादार म्हणाले, "मॅगझिनचं काय, साहेब? भरपाई माफ?"

"माफ कशाला? वसूल करा पूर्ण. आणि दुसरं मॅगझिन घरी जाऊ देऊ नका."

त्या दिवशी हे घरी आले तेव्हा मी भाकरी थापत होते. दारातूनच म्हणाले, "मिळाली." मला कळलं नाही असं कसं होईल? मी नुसती मान हलवली, आणि तव्यावरची भाकरी उलटायची राहून काळी झाली. आत्याबाईंनी ती काळी भाकरी स्वतःच्या ताटात घेतली.

चांदमारीला हे पहिले आले नाहीत. मधले आले. पण पास झाले, आणि त्याच दिवशी घरी येऊन दोन्ही हातांनी केस विंचरले. काही महिन्यांनी नोकरी कायम झाल्याचा कागद आला. मी तो दोनदा वाचला. कठीण शब्द होते, पण कायम हा शब्द मला वाचता आला.

पुढच्या दसऱ्याला मी धीर करून शस्त्रपूजेला पुढे गेले. जमादारांनी यांची कार्बाइन उचलून माझ्या हातात दिली. "घ्या वहिनी, बघा तुमच्या सवतीला." सगळ्या बायका हसल्या. मी घेतली. लाकूड खरंच गुळगुळीत होतं, हाताच्या घामाने मधोमध जास्त काळसर झालेलं. वजन माझ्या धाकट्या बहिणीच्या तान्ह्या मुलाएवढं असेल. गोळी घालायची जागा रिकामी होती, जमादारांनी मॅगझिन आधीच काढून कुलपात टाकलं होतं. मी नळीला कुंकू लावलं, तेलावर ते जरा पसरलं. घाबरायचं सोडून मला तेव्हा वाटलं, ही बाई माणसाला न दुखवता आपलं काम करते.

भरपाईचे पैसे मात्र थोडेथोडे कापले जातच राहिले. आम्ही दोन वेळचं नीट खात होतो, पण दर पगाराला तेवढी तूट असायची, आणि दर वेळी आत्याबाई विचारायच्या, "झालं का?" हे म्हणायचे, "अजून थोडं." त्यांनी तंबाखू सोडली ती त्या दिवसांत. का सोडली ते सांगितलं नाही, पण तंबाखूचे पैसे त्या फडताळातल्या वाटीत टाकायच्या आणि महिनाअखेरीला मला सांगायच्या, "भाजीला घे."

मग एका पगाराला हे आले आणि पाकीट न उघडता आत्याबाईंच्या पुढे ठेवलं. म्हणाले, "आई, या महिन्यात काही कापलं नाही. फिटलं सगळं."

आत्याबाईंनी पाकीट हातात घेतलं नाही. म्हणाल्या, "मंग ती डबी घरला आण की."

"कोणती?"

"म्या घासलेली. पैसं आपण दिलं न्हवं? मंग आता ती आपली झाली."

"आई, पैसे भरले तरी वस्तू सरकारचीच."

"असं कसं? पैसं आपलं अन् डबी त्यांची?"

"तसंच असतं सरकारात."

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला. मग पाकीट उचललं, देवापुढे ठेवलं, आणि मला म्हणाल्या, "जा गं, वाण्याकडनं साखर आण. अन् येताना माझी तंबाखूची पुडी बी आण. आता सरकारचं आपल्याकडं काय न्हाई."